जपानात गुरुजींना मी हरवलं नाही

संपादकांनी या अंकासाठी लेख मागितला तेव्हा त्यांना प्रवासधंद्यातल्या गमतीजमती हव्या होत्या. गमती आहेत, त्या येतील. पण मी लिहायला बसले ती वेगळ्या कारणानं. गेल्या वर्षी भूममध्ये, भरलेल्या मंगल कार्यालयात, माइकवरून असं सांगितलं गेलं की एसटी स्टँडवरच्या एका बाईनं आमच्या गुरुजींना जपानमध्ये रेल्वे स्टेशनवर सोडून दिलं. लोक पोट धरून हसले. ती बाई मी. तिसऱ्या रांगेत बसले होते, हातात जेवणाचं ताट होतं. ताट खुर्चीखाली सरकवून मी उठून आले. त्यानंतर माझी दोन ठरलेली कामं मोडली. एक शेजारच्या वाशीच्या डॉक्टरांच्या मित्रमंडळाचं, दुसरं लोहाऱ्याच्या शिक्षक नवरा-बायकोचं. दोघांनीही कारण सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

ज्यांनी माइक घेतला त्यांच्याकडं माइक होता. माझ्याकडं ही चार पानं आहेत.

माझं दुकान एसटी स्टँडसमोर, टेलर आणि मोबाइल दुरुस्तीवाला यांच्या मधे. मागं दोन खोल्या, तिथंच राहते. सुरुवात एका टेबलापासून झाली, पुण्याला जाणाऱ्या खासगी गाड्यांच्या बुकिंगवर. मग रेल्वेची तिकिटं काढून द्यायला लागले. भूमला रेल्वे नाही. रूळ बघायचे तर बार्शी नाहीतर कुर्डुवाडी गाठायची. मी पहिल्या एसटीनं बार्शीला जायची, लोकांचे फॉर्म भरून खिडकीसमोर उभी राहायची आणि दुपारी तिकिटं घेऊन परत यायची. खिडकीतला माणूस नाही म्हणाला की मी हलायची नाही. मागची रांग ओरडायला लागली की तो वैतागून पुन्हा कॉम्प्युटरमध्ये बघायचा, आणि कुठली तरी जागा निघायचीच. वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचे. उन्हात उभं राहण्याचा कंटाळा आमच्या घरात कुणी केला नाही.

पुढं तिकिटं घरच्या घरी निघायला लागली आणि माझ्यासारखे कितीतरी लोक धंद्याबाहेर गेले. मी गेले नाही. लोकांना तिकीट काढता येतं, पण कुठून कुठं, कधी, कशानं आणि का, हे जुळवता येत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. आधी चारधाम, मग श्रीलंका, मग वाशीच्या त्या डॉक्टरांना इटली. डॉक्टरांची मुलगी तिकडं शिकत होती. ते म्हणाले, ताई, आम्हाला गाइडच्या झेंडीमागं फिरायचं नाही, आपलं आपण रेल्वेनं फिरायचंय, जमवाल का. मी जमवते म्हणाले आणि तीन आठवडे दुकानात बसून इटलीची वेळापत्रकं वाचली. बार्शीच्या खिडकीपेक्षा ते सोपं होतं. तिथं निदान समोरचा माणूस जेवायला उठून जात नव्हता.

बाहेरच्यांना वाटतं हे मोठं अवघड शास्त्र आहे. नाही. सगळी माहिती कॉम्प्युटरवर फुकट पडलेली आहे. ती वाचायला लागते, आणि वाचायचा लोकांना कंटाळा आहे. त्या कंटाळ्याचे मी पैसे घेते.

पहिली गोष्ट, दिवस मोजायचे नाहीत, रात्री मोजायच्या. आमच्याकडं एक आडत व्यापारी आले होते, त्यांना दहा दिवसांत नऊ शहरं बघायची होती. मी त्यांना कागद दिला आणि म्हणाले, मालक, बॅग किती वेळा भरायची आणि किती वेळा उपसायची तेवढं फक्त यावर लिहा. त्यांनी लिहिलं. मग त्यांच्या बायकोनं तो कागद बघितला. नवाची तीन शहरं झाली, मला बोलावं लागलं नाही.

दुसरं, एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्याच शहरातून विमानानं परत यायचं. पहिल्या ठिकाणी माघारी येण्यात एक दिवस आणि एक रेल्वेभाडं जातं. आपल्या लोकांना हे पटत नाही, कारण गेलो तिथूनच परत यायचं ही एसटीची सवय. आणि रेल्वेचा पास. प्रत्येक वेबसाइट तो आधी विकायला काढते. पास म्हणजे एकदा पैसे भरा आणि हवं तेवढं फिरा. ऐकायला छान. मी प्रत्येक गाडीचं सुटं तिकीट वेगळं काढून बेरीज करते. कधी पास स्वस्त पडतो, पुष्कळदा पडत नाही.

हॉटेल स्टेशनपासून चालत जाता येईल असंच घेते. किती मिनिटं ते हॉटेलवाल्याच्या तोंडाचं धरत नाही. कॉम्प्युटरवर परदेशातल्या रस्त्यांचे फोटो असतात, बाण दाबला की पुढं सरकता येतं. मी स्टेशनच्या दारातून निघते आणि हॉटेलच्या दारापर्यंत तशी चालत जाते. पायऱ्या किती, चढ आहे का, कोपऱ्यावर कुठलं दुकान आहे. मग गिऱ्हाइकाला सांगते, पिवळ्या पाटीच्या औषधाच्या दुकानापासून डावीकडं वळा. लोक तिकडून फोन करतात, ताई, दुकान आहे हो. असणारच. मी बघून आलेले असते. आणि हॉटेलबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचताना कौतुक सोडून देते, फक्त शिव्या वाचते. कौतुक सगळीकडं सारखंच असतं.

मी स्वतः अजून विमानात बसलेले नाही. हे मी कधी लपवलं नाही. ज्यानं त्यानं मला हे तोंडावर विचारलेलं आहे, आणि मी प्रत्येकाला सांगितलंय की मग मी लावून दिलेल्या गाडीत बसून बघा, तुमचं नुकसान झालं तर पैसे घेणार नाही. आजपर्यंत परत मागायला कुणी आलं नाही.

आता गुरुजी.

गुरुजी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. मी त्यांची विद्यार्थिनी. आमच्या वस्तीतल्या किती पोरींना त्यांनी दहावीपर्यंत ओढत नेलं याचा हिशेब त्यांनी ठेवला नसेल, पण आम्ही ठेवलाय. रिटायर झाल्यावर ते रोज संध्याकाळी स्टँडकडं फिरायला यायचे आणि माझ्या दुकानात पेपर वाचत बसायचे. एक दिवस पेपर घडी करून म्हणाले, "रत्ना, मला जपानला जाऊन नाराची बुद्धमूर्ती बघायची आहे. आणि हिरोशिमा. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, आता डोळ्यांनी बघू."

बरोबर कोण, तर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी. बँकेत नोकरी करणारी मुलगी सुनंदा. आणि गुरुजींबरोबर नोकरी केलेली दोन जोडपी. सात माणसं.

त्यांच्या पुतण्याची पुण्यात टूर कंपनी आहे. सख्ख्या भावाचा मुलगा, म्हणून गुरुजींनी आधी त्याच्याकडून दर मागवला होता. तो कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. नऊ दिवस, सगळा प्रवास बसनं, नारा म्हणजे दोन तास आणि हिरोशिमा नाहीच. तेवढ्याच पैशात मी अकरा दिवस बसवले. टोकियोला उतरायचं, तिथून बुलेट ट्रेननं हिरोशिमा, मग क्योटो, क्योटोत मुक्काम ठेवून एक पूर्ण दिवस नारा, आणि विमान ओसाकाहून. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून थेट क्योटोच्या हॉटेलात पाठवायच्या. तिकडं ही सोय आहे, हॉटेलवालेच करून देतात. म्हणजे मधले दोन दिवस हातात फक्त छोट्या पिशव्या. टेलरची टेप आणून मी सातही बॅगांची लांबी, रुंदी, उंची मोजली, कारण बुलेट ट्रेनमध्ये ठरावीक मापापेक्षा मोठी बॅग असली तर वेगळी जागा घ्यावी लागते.

हिरोशिमाच्या हॉटेलशी माझी बारा दिवस मेलवर घासाघीस चालली. रिसेप्शनवरची बाई दर मेलच्या शेवटी माफी मागायची आणि एक पैसा कमी करायची नाही. मला ती लई आवडली. शेवटी सात जणांचा नाश्ता तिच्याकडून फुकट घेतला, तेव्हा कुठं मला झोप लागली.

पुतण्याला हे कळल्यावर त्याचा मला फोन आला. गोड बोलला. म्हणाला, ताई, वयस्कर लोक आहेत, तिकडं काही झालं तर जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, पण तुम्ही गेलाय का कधी? मी म्हटलं, तुमच्या बसमधून हिरोशिमाला तरी कोण गेलंय? त्यानं फोन ठेवला. माझं तोंड असं आहे, त्यानं माझं नुकसानही केलंय, पण त्या दिवशी चुकले असं मला आजही वाटत नाही.

माझी एक पद्धत आहे, तिला गाव हसतं. परदेशी रेल्वेनं जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून मी स्टँडवर तालीम करून घेते. दुपारी फलाटाला एखादी रिकामी एसटी उभी असते. कंडक्टर ओळखीचे आहेत, चहा पाजला की दार उघडून देतात. पिशव्या घेऊन सगळ्यांनी एका मिनिटात चढायचं. मी मोबाइलवर वेळ लावून उभी राहते. जपानची गाडी स्टेशनात मिनिट-दीड मिनिट थांबते, दारं आपोआप लागतात, बेल वाजवणारा कंडक्टर नाही आणि कुणासाठी कुणी थांबत नाही. हे तोंडानं शंभरदा सांगून उपयोग होत नाही, पायांना सांगावं लागतं. पहिल्या खेपेला सातही जण दारात एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत बसले. स्टँडवरचे लोक गोळा झाले. पानवाला म्हणाला, ताई, यांना जपानला पाठवताय का पोलीस भरतीला? तिसऱ्या खेपेला चाळीस सेकंदांत गाडी भरली.

आणि तिन्ही खेपेला गुरुजी शेवटी चढले.

ते दाराशी बाजूला उभे राहायचे, एकेकाला आत सोडायचे आणि उजव्या हाताचं बोट हलवत मोजायचे. शाळेच्या सहलीत ते असंच करायचे. साठ-सत्तर पोरं, दोन लाल गाड्या, आणि शेवटचं पोर आत गेल्याशिवाय गुरुजी पायरीवर पाय ठेवायचे नाहीत. गुरुजी चढल्याशिवाय कंडक्टरही बेल द्यायचा नाही. मीही त्या बोटाखालून आत गेलेली आहे.

मी ते बघितलं. मला कळलंही. मी गावातल्या सावकाराला, पोलिसाला, आमदाराच्या माणसाला ओरडलेली बाई आहे. त्या दिवशी मी पानवाल्याला ओरडले, गुरुजींच्या मित्राला चप्पल बदला म्हणून ओरडले. गुरुजींना, तुम्ही मोजत उभे राहू नका, एवढं मी म्हणाले नाही.

निघताना प्रत्येकाच्या गळ्यात मी एक प्लास्टिकचं पाकीट अडकवलं. आत चिठ्ठी. एका बाजूला जपानीत, मी भारतातून कुटुंबाबरोबर आलोय, आम्ही अमुक शहरातल्या अमुक हॉटेलात चाललोय, हा तिथला फोन. दुसऱ्या बाजूला मराठीत, चुकामूक झाली तर जागचे हलू नका, गणवेशातल्या माणसाला ही चिठ्ठी दाखवा. मुक्कामागणिक वेगळी चिठ्ठी. पुतण्या विमानतळावर निरोप द्यायला आला होता. ती पाकिटं बघून तो म्हणाला म्हणे, काका, बालवाडीची सहल निघालीय का. काकूंनी पाकीट पदराखाली घेतलं. गुरुजींनी शर्टाच्या आत सरकवलं, पण काढलं नाही.

टोकियो व्यवस्थित झालं. हिरोशिमाही झालं. तिथून गुरुजींचा फोन आला होता, फार बोलले नाहीत, पोरांना आणायला पाहिजे इथं, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी चहा टाकत होते. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणजे तिकडं दहा. सुनंदाचा फोन आला. तिला श्वास लागला होता.

"ताई, बाबा खालीच राहिले."

मी गॅस बंद केला. काय झालं ते तिनं तुटक-तुटक सांगितलं. गाडी आली, फलाटावर डब्याचा नंबर लिहिलेला होता तिथंच हे सगळे उभे होते, दार समोर उघडलं. दारात गर्दी नव्हती, हातात सामान नव्हतं. सहा माणसं चढली. गुरुजी बाजूला उभे राहून मोजत होते. सहा मोजून झाले आणि दार लागलं. सुनंदानं काच बडवली. गुरुजी बाहेर बोट वर करून उभे होते, तसेच मागं गेले.

फोन तिच्याकडं होता, गुरुजींच्या मोबाइलला तिकडचं कार्ड नव्हतं. आणि तिकीटही तिच्याचकडं. स्टेशनात शिरताना प्रत्येकाचं तिकीट लागतं, तेवढ्यापुरती तिनं सगळ्यांना दिली होती आणि आत आल्यावर हरवतील म्हणून परत गोळा केली होती. ही आपली सवय, तिकिटं एकाच्या हातात. ती मी मोडायला हवी होती. हेही माझ्या खात्यावर लिहा.

मागून आवाज येत होते. गुरुजींचे मित्र म्हणत होते, पुढच्या स्टेशनला सगळे उतरू आणि परत जाऊ. काकू रडत होत्या.

"सगळे उतरायचं न्हाय," मी म्हणाले. "फोन स्पीकरवर टाक. नीट ऐका. ही गाडी आता थेट ओकायामाला थांबते, चाळीस मिनिटं लागतात. तिथं सुनंदा आणि काकू उतरतील. उतरल्या जागी उभ्या राहतील. बाकी चौघं खुर्चीतून उठणार नाहीत. क्योटोला उतरा आणि हॉटेलात जाऊन बसा. एक माणूस शोधायला सहा माणसं हरवू नका."

एक मित्र म्हणाले, अहो पण गुरुजी एकटे. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. माफी नंतर मागितली.

काकू म्हणाल्या, "रत्ना, ते इकडं तिकडं जातील गं."

मी म्हटलं, "काकू, ते जातील का? तुम्हीच सांगा."

त्या म्हणाल्या, "न्हाय. ते न्हाय हलायचे."

मला तेवढंच हवं होतं. मी दुकानाचं शटर अर्धं उचलून आत वाकून गेले, कॉम्प्युटर लावला. हिरोशिमाच्या स्टेशनला फोन करून माझ्या इंग्रजीत मी काय सांगणार होते? मी हॉटेलला फोन लावला. तीच माफी मागणारी बाई. नाव सांगताच तिनं मला ओळखलं, बारा दिवस घासाघीस केलेली बाई कोण विसरेल. मी सांगितलं, ओल्ड टीचर, व्हाइट शर्ट, व्हाइट पायजमा, डबा नंबर अमुक, गाडी अमुक वाजताची, फॅमिली गेली, ते राहिले. तिनं एकदाही मधे प्रश्न विचारला नाही. म्हणाली, प्लीज वेट, आणि दुसऱ्या फोनवर स्टेशनशी बोलायला लागली. मला दोन शब्द कळत होते, इंडिया आणि सेन्सेई. सेन्सेई म्हणजे गुरुजी, हे मला जपानची माहिती वाचून ठाऊक होतं.

सात मिनिटं मी ते ऐकत उभी होते. या सात मिनिटांत मी काय काय ठरवलं. गुरुजींना काही झालं तर दुकान बंद. काकूंना तोंड कसं दाखवू, पुतण्या काय म्हणेल, सगळं एकदम डोक्यात येत होतं, आणि त्या सगळ्यावर सारखं ते हलणारं बोट दिसत होतं.

मग ती बाई परत आली. सापडले म्हणाली. सापडले कसले, ते जिथं होते तिथंच होते. डब्याच्या नंबराच्या खुणेवर, एक पाऊल इकडं नाही की तिकडं. पाकीट शर्टातून बाहेर काढून त्यांनी गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी आधीच दाखवली होती, आदल्या मुक्कामाची चिठ्ठीही पाकिटातच होती, आणि स्टेशनवाले हिरोशिमाच्या त्याच हॉटेलला फोन करायच्या बेतात होते, कारण क्योटोचं हॉटेल उचलत नव्हतं. मी सांगितलं, मुलगी ओकायामाला उभी राहणार आहे. त्यांनी गुरुजींना एक कागद लिहून दिला, पुढच्या गाडीत बसवलं, ओकायामाला कळवलं. तिकिटाचं कुणी विचारलं नाही. तासाभरानं सुनंदाचा फोन आला. बाबा उतरले. काकू मागून कुणावर तरी तडातडा बोलत होत्या, म्हणजे सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी नाराला त्या मूर्तीसमोर पूर्ण दिवस होते. बसची वाट नव्हती, शिट्टी नव्हती. काकूंनी फोटो पाठवला, गुरुजी पाठमोरे, हात जोडून. तो माझ्या दुकानात लावलेला आहे, कुणीही येऊन बघावा.

ही झाली हकीकत. आता यात मी कुणाला सोडून दिलं?

मंगल कार्यालयात गुरुजींची पंचाहत्तरी झाली तेव्हा पुतण्यानं भाषण केलं. त्यानं अर्धी हकीकत सांगितली, दार लागलं तिथपर्यंतची. मोजण्याचं सांगितलं नाही, चिठ्ठीचं सांगितलं नाही. स्वस्तात जायला गेलं की असं होतं, म्हणाला. नंतर आपल्या कंपनीची पत्रकं वाटली. त्याचं मला एवढं वाटलं नाही. धंदा आहे, तोही पोटासाठीच करतो. पण गुरुजी स्टेजवर बसले होते, गळ्यात हार, आणि ते हसले. लोकांबरोबर हसले आणि काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत आणि मी त्यांच्या घरी गेले नाही. वर्षभर एका गावात राहून आम्ही एकमेकांचे रस्ते टाळले. त्यांचा पेपर रोज येतो, तो मी तसाच ठेवते.

हा लेख लिहून झाल्यावर मात्र त्यांना न दाखवता पाठवायचा नाही असं ठरवलं. पाठीमागं बोलणं मला जमत नाही. गेल्या रविवारी वही घेऊन गेले. काकूंनी दार उघडलं, जयभीम केला, आत घेतलं. गुरुजींनी चष्मा लावला आणि सवयीनं पेन उघडून हातात घेतलं. शेवटपर्यंत वाचलं. मग मागं येऊन एका ओळीवर बोट ठेवलं. मी तिथं लिहिलं होतं की दारात गर्दी असल्यामुळं गुरुजींना चढता आलं नाही.

"गर्दी कुठं होती?"

"लिहिलं आपलं."

"खोड ते. मी मोजत होतो म्हणून राहिलो. तसं लिही."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी स्टेजवर का नाही सांगितलं?"

काकू आतून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"लाज वाटली," ते म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं मोजली. एक कधी मागं राहू दिलं नाही. आणि मीच राहिलो. समोर सगळे माझे विद्यार्थी बसलेले. तो हसवत होता, मला वाटलं, हसण्यावारी जातंय तर जाऊ दे."

"तुमचं हसण्यावारी गेलं गुरुजी. माझी दोन कामं गेली."

"माहीत आहे. वाशीच्या डॉक्टरांना मी परवा फोन केला."

"वर्षानं."

"हो. वर्षानं."

मी आणखी बोलणार होते. माझ्याकडं वर्षभराचं साठलेलं होतं. पण त्यांनी पुन्हा वही उघडली आणि तालमीच्या पानावर थांबले, जिथं मी बघितलं आणि बोलले नाही असं लिहिलंय.

"हे खरं आहे?"

"व्हय."

"तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुम्हाला कसं बोलणार?"

ते म्हणाले, "हे राहू दे." गर्दीची ओळ मी त्यांच्याच पेनानं खोडली, त्यांच्यासमोर. वर लिहिलंय ते दुरुस्त केलेलं आहे. आता ज्याला हसायचं असेल त्यानं सगळं वाचून हसावं.

चहा झाला. निघायला उठले तसे गुरुजी म्हणाले, पुतण्या व्हिएतनामला फुकट न्यायला तयार आहे. मी म्हटलं, मग जा की, छान देश आहे. ते म्हणाले, त्याच्या बसच्या काचेतून नाही बघायचा मला. तिकडं उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत रेल्वे जाते म्हणे. मी म्हटलं, जाते, समुद्राच्या कडेनं जाते. हनोईला उतरायचं आणि सायगावहून परत यायचं, मधे तीन मुक्काम. त्यांना वाटलं असेल मी आत्ता सुचलं म्हणून बोलतेय. मी तो मार्ग सहा महिन्यांपूर्वीच लावून ठेवलेला होता.

त्यांनी दर विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, विद्यार्थिनी आहेस, काही कमी नाही का होणार?

"एक रुपया न्हाय. आणि एक अट आहे. प्रत्येक गाडीत सगळ्यांत आधी तुम्ही चढायचं."

"मग मोजणार कोण?"

 दर सांगून झाल्यावर मी आधी बोलत नाही, मग समोर कुणीही असो. गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. मीही खुर्चीच्या पाठीला हात लावून उभीच राहिले. शेवटी काकू दारातून म्हणाल्या, "चढतील. मोजायचं मी बघते."